गुणांची दुरुस्ती

वादविवादाचा संघ भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात पडला, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. पण नऊ वर्षांत त्यांचा त्यात जीव गुंतला. घरी त्यांना दूधवाल्याशीसुद्धा दोन शब्द वाद घालता येत नसे, ते खातं नवऱ्याकडे होतं. शाळेत मात्र दर शनिवारी प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत त्या मुलांना एकच गोष्ट घोकायला लावत: समोरच्याचं बरोबर असेल, तर आधी बरोबर म्हणा. मग आपलं मांडा.

हे खरं उमगलं ते नववीतल्या एका मुलीला. ती इतकी हळू बोलायची की तिला सगळे चिमणीच म्हणत.

त्या वर्षी संघ अंतिम फेरीत गेला. विषय होता, परीक्षा बंद कराव्यात. चिमणी अनुकूल बाजूनं बोलत होती. समोरचा मुलगा म्हणाला, "परीक्षा नसली की शिक्षकांच्या लाडक्यांचंच फावेल." चिमणीनं मान डोलावली. "हे खरं आहे," ती म्हणाली, "आणि माझ्याकडे याचं अर्धंच उत्तर आहे." ते अर्धं उत्तर तिनं इतकं नेटकं मांडलं की मागच्या रांगेत बाईंचे डोळे भरून आले.

परीक्षकांनी लिहिलं, 'प्रतिपक्षाचा मुद्दा मान्य केला.' संघ हरला.

परतताना गाडीत चिमणीनं विचारलं, "बाई, मी चुकले का?"

"नाही."

"मग हरलो कसे?"

पुढच्या वर्षी चिमणीनं नाव दिलं नाही. तिचं पाहून बाकीचेही गळाले आणि शाळेचा संघच उरला नाही.

नेमकी त्याच वर्षी स्पर्धा त्यांच्या शाळेत भरली. संघ नाही, म्हणून बाई परीक्षक झाल्या. वेळेची घंटा वाजवायला आणि गुणपत्रकं गोळा करायला मुख्याध्यापकांनी चिमणीला बसवलं.

अंतिम फेरीत एक मुलगा टेबलावर मूठ आपटून बोलला. टाळ्या पडल्या. त्याच्यानंतरची मुलगी शांतपणे त्याचे मुद्दे एकेक करून खोडून काढत गेली. बाईंनी तिला पन्नासपैकी सेहेचाळीस दिले.

संयोजक खुर्ची ओढून जवळ बसले. "बाई, बाकी दोघांनी हिला तिशीत ठेवलंय. तुमच्या एकटीच्या गुणांनी निकाल फिरतोय. उद्या पालक दारात उभे राहतील."

"मी जे ऐकलं, त्याचे गुण दिले."

"ऐकलं सगळ्यांनीच. थोडं खाली आणा, एवढंच म्हणतोय."

मुख्याध्यापक मागे उभे होते. "पाहुण्यांसमोर शोभा नको, बाई," ते हळूच म्हणाले.

बाईंनी सेहेचाळीस खोडून चौतीस केले. चिमणी कागद घेऊन गेली आणि दारातून परत आली.

"बाई, खोडलंय तिथं सही लागते."

बाईंनी सही केली. चिमणीनं ती नीट पाहिली आणि कागद पुढे नेऊन दिला. मूठ आपटणाऱ्या मुलाला चषक मिळाला.

दोन महिन्यांनी बाई रक्तदाब तपासायला इस्पितळात गेल्या. तिथं चिमणीची आई परिचारिका होती. दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "पूर्वी जेवताना आमच्याशी नुसती वाद घालायची हो. तिच्या बाबांना तर पळता भुई थोडी व्हायची. आता काहीही विचारा, म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. नातेवाईक म्हणतात, पोरगी शहाणी झाली."

बाईंनी बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नका," आई म्हणाली, "आकडा चुकतो."

पट्टा फुगत गेला. बाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. आकडा लिहून झाल्यावर आईनं विचारलं, "काही म्हणत होतात ना?"

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि बाही खाली ओढून उठल्या.