आभाराचा फोन

आमचे हे म्हणजे एक नंबरचे चिक्कू. साबणाचा शेवटचा तुकडा नव्या वडीला चिकटवून वापरणारा माणूस. बँकेत कॅशियर होते; जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, स्वतःच्या तेवढ्या खर्च करायला शिकले नाहीत. पण साथ आली, शेजारच्या इमारतीतली माणसं श्वासासाठी तडफडून गेली, आणि यांनी पहिल्यांदाच हात सैल सोडला. एका संस्थेला ऑक्सिजनचं मशीन घेऊन दिलं. तेही मला न विचारता. मी आठवडाभर धुसफुसत होते.

संस्था ती मशीनं लोकांच्या घरी फुकट वापरायला द्यायची. एकच अट: ज्याच्या घरी मशीन, त्यानं रोज सकाळी दात्याला फोन करून आभार मानायचे. ऑफिसातल्या बाई म्हणायच्या, "फोटो लोक पुसून टाकतात हो. आवाज कानात राहतो. आवाज ऐकला की माणूस पुन्हा देतो."

आमचं मशीन एका बस ड्रायव्हरच्या बायकोला लागलं. पहिल्या दिवशी तो पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखा बोलला. मग मोकळा झाला. "काकू, आज दोन घास खाल्ले तिनं." "काकू, आज माझ्यावर ओरडली." मी म्हणायचे, "ओरडतेय ना? मग होतेय बरी." हे मला स्पीकर लावायला सांगायचे आणि चहा गार होईपर्यंत ऐकत बसायचे. आमच्या लग्नातसुद्धा एवढे खूश दिसले नव्हते.

मग यांनाच ताप आला. संडासापर्यंत गेले तरी धाप लागायची. हॉस्पिटलात जागा नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाले, "कुठूनही ऑक्सिजन मिळवा, नाहीतर कठीण आहे." मी संस्थेला फोन लावला.

"एकही मशीन शिल्लक नाही," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तुमचं तुम्हाला आणून देऊ. दात्यांनाच नाही म्हटलं तर उद्या आम्हाला देईल कोण?"

"आणि तिचं काय?"

"बघू काहीतरी. तुम्ही फक्त हो म्हणा."

आतून यांची घरघर ऐकू येत होती. मला त्या ड्रायव्हरचाच राग आला. रोज फोन केला नसता, तर त्याची बायको मला कशाला माहीत झाली असती? मी हो म्हटलं. फार विचार केला, असं खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी मशीन आलं. नळी यांच्या नाकाला लावली. थोड्या थोड्या वेळानं ते फुस्स करून मोठा सुस्कारा टाकायचं. यांनी खुणेनंच विचारलं, कुठून?

"दुसऱ्या कुणीतरी दिलेलं आहे," मी म्हटलं.

यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यांचा नंबर घे," म्हणाले. "आभार मानायचेत."

बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा जरासा चढला आणि सकाळी परत उतरला. डॉक्टर म्हणाले, "बघू या." त्यांचं 'बघू या' आता मला कळतं.

नेहमीच्या वेळी फोन वाजला. "उचल," हे म्हणाले, "तोच असेल." मी स्पीकर न लावता कानाला लावला.

"काकू, ती पहाटे गेली," ड्रायव्हर म्हणाला. "मशीन काल नेलं त्यांनी. कुणालातरी जास्त गरज आहे म्हणाले. म्हटलं, शेवटचा एक फोन करावा. तुम्ही दिलंत म्हणून एवढे दिवस तरी..."

तो मध्येच थांबला. माझ्यामागे मशीननं सुस्कारा टाकला. मग आणखी एक. इतके दिवस तो माणूस त्या आवाजाशेजारी झोपला होता.

शिव्या घाल, मी मनात म्हणत होते. घाल बाबा, तोंड भरून घाल.

"काकांना लावलंय का?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

मग म्हणाला, "मशीनच्या बाटलीतलं पाणी संपू देऊ नका, काकू. उकळून गार केलेलंच घाला. नाक फार कोरडं पडतं. तिला त्याचा त्रास व्हायचा." आणि त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणत होता?" यांनी विचारलं.

"आभार मानत होता."

"आणि बायको?"

"बरी आहे म्हणे."

"म्हणजे पैसे सार्थकी लागले," हे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी आत जाऊन पाणी उकळायला ठेवलं.