मानाचा उजवा हात

कासार आंबोलीच्या त्या बंगल्याबाहेर भल्या सकाळी गाड्यांची इतकी दाटी झाली होती, की दूधवाला पौड रस्त्यालाच मोटारसायकल लावून किटल्या हातात घेऊन पायी आत निघाला होता. आत हिरवळीवर मांडव. पुढे रंगीत मॅट टाकून बसलेली हिंजवडीची कंपनीवाली मंडळी, मागे सतरंज्यांवर आसपासच्या गावांतली माणसं, आणि मंचावर योगिराज निषादनाथ. अंगात पायघोळ भगवी कफनी, खांद्यावर जाड शाल, गालाला चिकटलेला माइक. ऐन मे महिन्यात ह्या माणसाला शाल कशाला लागते, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही.

"शरीर म्हणजे काय? हार्डवेअर!" योगिराज गरजले. "प्राण म्हणजे काय? सॉफ्टवेअर! आणि तुमचा डॉक्टर काय करतो? बिघाड सॉफ्टवेअरमध्ये, आणि हा सुया टोचतो हार्डवेअरला!"

कंपनीवाले हसले. गावकऱ्यांना काही कळलं नाही, पण शिकलेली माणसं हसतायत म्हणजे काहीतरी मोठंच असणार, म्हणून तेही हसले.

"आता मी प्राण लॉगआउट करणार. धरा, कुणीतरी माझा हात धरा."

झालं! हात कुणी धरायचा यावरून जुंपली. माजी सरपंच दादासाहेब उठले, तर दुसऱ्या भावकीतले गेणबा आडवे आले.

"मागल्या रविवारी तुमीच धरला हुता. आज मान आमचा."

"मान काय वाटून घ्यायचा असतो व्हय रं? जत्रंला पयला नारळ कुणाचा फुटतो, इचार गावाला!"

शेवटी योगिराजांनीच तोडगा काढला. आज दादासाहेब, पुढच्या रविवारी गेणबा. मग त्यांचा उजवा हात पुढे आला. शुभ हात. डावा मागायची कुणाची छाती होती? दादासाहेबांनी मनगटावर बोटं टेकवली, योगिराजांनी डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला, आणि दादासाहेबांचा चेहरा उतरला.

"आयला! थांबली की नाडी!"

मांडव गार. मग योगिराजांनी सावकाश श्वास सोडला आणि दादासाहेब ओरडले, "आली! परत आली!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. उज्वलानेही टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या, खोटं कशाला सांगा.

उज्वला जवळच्या नांदे गावची. नवऱ्याचा, म्हणजे किशोरचा, पाण्याच्या टँकरचा धंदा. शेतीच्या तुकड्यावर खोल्या बांधून कंपनीतल्या पोरापोरींना भाड्याने दिलेल्या. त्यातली एक मुलगी खोली सोडून गेली आणि एक जांभळी मॅट मागे टाकून गेली. झाडलोट करताना उज्वलाने ती उलगडली आणि सहज म्हणून तिच्यावर बसली. मग मोबाइल उघडून बघितलं, आणि बाईला नादच लागला.

आधी हठयोग. एकेका आसनात थांबायचं आणि पाठ काय म्हणते ते ऐकायचं. मग विन्यास, एकातून दुसऱ्यात वाहत जाणारा, त्यात तिचा घामटा निघाला. मग तो सावकाशीचा प्रकार, ज्यात उशा आणि गुंडाळ्यांचा आधार घेऊन नुसतं सैल पडून राहायचं. उशांच्या जागी दिवाणाचे लोड आले, पट्ट्याच्या जागी जुनी ओढणी आली, ठोकळ्यांच्या जागी बांधकामातल्या विटा आल्या. सासू लीलाबाई दारात उभी राहून म्हणायची, "अगं, दिवसाढवळ्या जिमिनीवर काय लोळतीस? पाव्हणं आलं तर काय म्हणतील?" उज्वला म्हणायची, "आत्या, तुमीबी या." खोल्यांची भाडी, धुणी, टँकरवाल्यांचे फोन ह्या सगळ्यात ती दुपारची वेळ तेवढी तिची एकटीची होती. त्या वेळेवर तिचा फार जीव होता.

म्हणूनच किशोर जेव्हा म्हणाला, "तुझ्याच इषयातला माणूस आलाय आंबोलीला, चल," तेव्हा तिला आनंद झाला. आपल्या नादाला घरात कुणीतरी मान दिला, असं तिला वाटलं.

पण किशोर तिच्यासाठी गेलाच नव्हता. तो गेला होता दिशासाठी.

दिशा त्यांची एकुलती एक. सहावीतली पोर, तिला लहान मुलांना होतो तो मधुमेह. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून रोज सुई. ही गोष्ट त्यांनी गावापासून दडवून ठेवली होती. उद्या पोरीचं लग्न कसं जमायचं? औषध फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्याखाली फडक्यात गुंडाळून ठेवायचं आणि दार लावून टोचायचं. सुई टोचायच्या वेळी किशोर अंगणात जाऊन उभा राहायचा. टँकरच्या धंद्यात गुंडांना न भिणारा तो गडी, पण पोरीचं ते मांडी पुढे करणं त्याला बघवत नसे.

योगिराजांनी त्याची ही दुखती जागा बरोबर हेरली. एकांतात म्हणाले, "बेटा, इन्सुलिन हे बाहेरचं विष. स्वादुपिंड झोपलंय. नाडीयोगानं ते जागं होतं. शिबिराला आण, सुई ठेव घरी."

घरी आल्यावर उज्वला भडकली. "सुई बंद? डोकं फिरलंय का तुमचं? मीबी योग करतीया की! पाठ मोकळी हुती, झोप लागती, मन शांत ऱ्हातं. इन्सुलिन कुटनं तयार व्हणार?"

"तू मोबाइलवर बघून शिकलीस. त्यो सिद्ध माणूस हाय." किशोर म्हणाला. "नाडी थांबवून परत चालू करतो त्यो! दादासाहेबांनी सवता हात धरला हुता. नाडी चालू करणाऱ्याला एक स्वादुपिंड चालू करता येत न्हाई व्हय?"

उज्वलानेही ते बघितलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. तिने एवढंच वदवून घेतलं, की शिबिराला न्या, पण सुया बरोबर न्या आणि वेळच्या वेळी द्या. किशोर व्हय म्हणाला. शुक्रवारी बापलेक गेले. शिबिराच्या दारात फोन काढून घेतले जात होते. प्राणाला नेटवर्क लागतं म्हणे, फोनच्या लहरी चालत नाहीत!

शनिवारी दुपारी उज्वलाने मॅट अंथरली. मन लागेना म्हणून तो सावकाशीचा प्रकार घेतला. सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी केली, काखेखाली घेतली आणि कुशीवर पडली. गुंडाळी जास्तच कडक झाली असावी. जरा वेळाने त्या हाताला मुंग्या आल्या, बोटं गार पडली. ती उठून बसली. सवयीने मनगट दाबलं, तर नाडी लागेना. दंड गुंडाळीवर तसाच आवळलेला होता. तिने दुसरं मनगट दाबलं. तिथे ठोके व्यवस्थित चालू होते. गुंडाळी काढली, आणि गेलेली नाडी परत आली.

परत गुंडाळी, नाडी बंद. काढली, नाडी चालू. हाताकडे रक्त नेणारी शीर काखेतून जाते, ती दाबली की मनगटावर काही लागत नाही. काळीज आपलं काम करतच असतं! मग ती उन्हाळ्यातली शाल. आणि उजवा, फक्त उजवाच हात. आधी तिला हसू आलं, आणि मग आपल्याच टाळ्या आठवून तिला शरम वाटली. किशोर आला की त्याला करून दाखवायचं, असं तिने ठरवलं.

रविवारी सकाळी भाजीचा कप्पा धुवायला काढला, तर खाली फडकं तसंच. आत औषध तसंच. एकही सुई नेलेली नव्हती.

पुढचं तिने कसं केलं ते तिचं तिला ठाऊक नाही. फडकं पिशवीत टाकलं, टोपलीतला एक बटाटा उचलला, स्कूटर काढली आणि लवळ्यावरून पिरंगुट गाठून आंबोलीला पोचली. वाटेत किशोरला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मांडवामागे चटईवर दिशा पडली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, धाप लागल्यासारखा श्वास, आणि त्या श्वासाला नासलेल्या फळाचा वास. किशोर शेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होता.

"कालपास्नं नुसतं पाणी पाणी करतीया. दोन-चारदा ओकली. म्हाराज म्हणलं, इख बाहीर पडतंय."

"उचला तिला! दवाखान्यात चला!"

"उज्वला, आजचाच दिस. मदीच नेली तर समदं उलटंल, म्हाराजांनी बजावलंय." दोन सेवेकरीही पुढे येऊन उभे राहिले. मागची माणसं वळून बघू लागली.

तिच्याकडे वाद घालायला वेळच नव्हता. तिने झटकन पाठ फिरवली, बटाटा काखेत घातला, दंड छातीशी आवळला आणि उजवा हात नवऱ्यासमोर धरला.

"धरा. नाडी बघा माझी. बघा म्हणते ना!"

किशोरने बोटं टेकवली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "उज्वला... लागंना की गं."

मागून दादासाहेब आले, त्यांनीही मनगट धरलं आणि जागच्या जागी हात जोडले. "अरं, बाईलाबी सिद्धी आली!" भराभरा माणसं जमली. दोघीतिघी तर तिच्या पायांकडे वाकल्यासुद्धा. आता बोला!

"उठा! लाज धरा जरा!" उज्वला किंचाळली. तिने बटाटा काढून किशोरच्या हातात आदळला. "ही माझी सिद्धी! काखंतली शीर दाबली की नाडी लागत न्हाई, कुणाचीबी. ह्येच्यापायी तुमी पोरीची सुई बंद केलीत."

किशोर त्या बटाट्याकडे बघत राहिला. मग त्याने पोरीला उचललं आणि तो गाडीकडे धावत सुटला. त्याला अडवायला आलेला सेवेकरी बाजूला फेकला गेला.

गलका ऐकून योगिराज मंचावरून म्हणत होते, "अहंकार बोलतोय, भक्तहो, अहंकार!" त्यांचा उजवा हात गेणबांच्या हातात होता, आज मान त्यांचा होता ना. उज्वला पळता पळता ओरडली, "गेणबा, डावाबी धरा! दोनी एकदम धरा!"

गेणबांनी आयुष्यात पहिल्यांदाच मानाचा विचार न करता हात घातला. "आरं तिच्या! हितं तर उड्या मारतीया!" हिसकाहिसकीत शाल घसरली आणि कफनीतून एक रबरी चेंडू निसटून गवतावर घरंगळत गेला. हे उज्वलाने पाहिलं नाही, नंतर ऐकलं. ती तेव्हा मागच्या सीटवर पोरीचं डोकं मांडीवर घेऊन, "दिशा, झोपू नगं, माझ्याकडं बघ," म्हणत होती.

दिशा वाचली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर सांगता येत नव्हतं. ते किशोरवर ओरडले नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तो हमसून हमसून रडला. उज्वलाने त्याची समजूत काढली नाही. तिच्या मनात आलंच नाही.

योगिराज त्याच दुपारी पसार झाले. गावाने काय धडा घेतला म्हणता? निम्मे म्हणाले, चेंडू असंल, पण आमाला गुण आला हुता. दादासाहेब चेंडूचं नावच काढू देत नाहीत, कारण चेंडू खरा मानला तर त्यांचा मान खोटा ठरतो. पोलिसात तक्रार द्यायला उज्वला गेली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण साक्षीदार हवेत. शेकडो माणसांनी पाहिलेलं, आणि साक्षीला एकटे गेणबा!

आता उज्वलाच्या अंगणात चार बायका योग शिकायला येतात. दिशा त्यांच्यासमोरच मांडीला सुई टोचून घेते आणि खेळायला पळते. एक दिवस सगळ्या गेल्यावर गंगूबाई मागे रेंगाळली. तिच्या पोराला फिट्स येतात, आणि ती त्या रविवारी मांडवात होती. चेंडू तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पोराच्या गोळ्या बंद करून तुमचा योग लावला तर चालंल का वो?"

उज्वलाच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं होऊनही? बाबा गेला, तर आता त्याच्या जागी हिने मलाच बसवलं? तिला रडावंसं वाटलं. मग तिने गंगूबाईला खाली बसवलं.

"गोळ्या बंद करायच्या न्हाईत. योगानं अंग हलकं हुतं, श्वास सुधारतो. फिट्स गोळ्यांनी आवरत्यात. गोळी बंद करा असं जो सांगंल त्याला दारातनं हाकल, मग त्यो योगी असू दे न्हाईतर डागदराचा कोट घातलेला."

"तुमी म्हणता म्हणल्यावर ऐकीन मी, ताई."

"न्हाई!" उज्वला म्हणाली. "मी म्हणते म्हणूनबी ऐकू नगं. दवाखान्यात जा आणि इचार, ही गोळी काय करती, बंद केली तर काय हुतं, तुमाला ह्ये कशावरनं कळलं. समजंस्तवर इचार, गंगूबाई. लेकरू तुझं हाय."