मैनेचं माणूस

आमच्या पागेत प्रत्येक घोड्याला एकच माणूस. पणजोबा नगरच्या छावणीत नाल ठोकायचे, आजोबांचा टांगा होता. आता सोनईत दादा, म्हणजे माझे वडील, वरातीला घोड्या देतात आणि रविवारी सावेडीची मुलं रपेट शिकायला येतात. कामं बदलली, ही रीत तेवढी राहिली. घोडीचं माणूस बदलायची वेळ आलीच, तर नव्या माणसानं जुन्याच्या अंगातला कपडा न धुता रोज घालायचा. घोडी हळूहळू एका वासावरून दुसऱ्यावर येते.

मैनेचं माणूस मी. लग्न होऊन सावेडीला गेले तेव्हा माझा मरून रंगाचा स्वेटर भावाच्या बायकोनं, पंकजावहिनीनं घेतला. तोवर तिनं घोडा फक्त वरातीत पाहिलेला.

बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा मैनाही गाभण होती. सृष्टी दीड महिन्याची झाल्यावर मी पहिल्यांदा पागेत गेले, तर वहिनी खरारा करत होती आणि मैना तिच्या खांद्यावर मान टेकून, डोळे अर्धे मिटून उभी. माझ्या खांद्यावर टेकायची तशीच. माझ्याच स्वेटरवर.

छान रमलीय, मी म्हटलं. वहिनी हसली. मला ते हसणंही आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लंगोटांबरोबर मी तो स्वेटर साबणात भिजवला, दोनदा खळबळला आणि उन्हात टाकला. चुकून, असं म्हणणार नाही. याच घरात वाढलेय मी.

संध्याकाळी मैनेनं वहिनीला जवळ येऊ दिलं नाही. कान मागं पाडले, बादली लाथाडली. मला आत कुठंतरी बरं वाटलं. मग मी पुढं झाले, जुन्या सवयीनं जिभेची टकटक केली. तिनं मान लांबवली, हुंगलं आणि मागं सरकली. माझ्या अंगाला दूध, ओव्याची धुरी, बाळाचं तेल. तिला मी ओळखूच येईना.

दादा म्हणाले, "आता हिला कुनाचाच हात न्हाई. शिंगरू आडलं तर करायचं काय?"

स्वेटर कुणी धुतला, ते त्यांनी विचारलं नाही. मीच वहिनीला सांगितलं.

"तारेवर दिसला होता, ताई," ती म्हणाली. "रडले थोडी. पण तिला तुमचा आवाज तरी ओळखीचा आहे. तुम्ही बसा तिच्यापाशी, सृष्टीला मी बघते."

वहिनीकडे जाताच सृष्टीनं टाहो फोडला. खरं सांगते, तेव्हाही मला गोड वाटलं. मग लाज वाटली. खांद्यावरची दोन दिवसांची पारोशी ओढणी काढून मी वहिनीच्या छातीशी गुंडाळली. हुंदके देत देत सृष्टीनं तिच्यात नाक खुपसलं आणि झोपली.

मी स्वेटर चढवून गव्हाणीशी जाऊन बसले, मैनेकडे पाठ करून, तोंडानं टकटक करत. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ती कोपऱ्यातच होती. तिसऱ्या सकाळी माझ्या मानेमागं ऊन श्वास आला. तिनं पोटावर हात ठेवू दिला. आत शिंगरू हललं.

स्वेटर अजून माझ्याच अंगात आहे. सावेडीला जाताना वहिनीला देईन, न धुता. शिंगराला मात्र कुणाचा उसना कपडा लागणार नाही. त्याचं माणूस पहिल्या दिवसापासून वहिनीच, असं मी दादांना सांगितलंय. दोनदा सांगितलंय, म्हणजे मला ते फिरवता येणार नाही.