पाखरं कुणाला भितात

हनिया होडीत येऊन बसली तेव्हा तिला कुणीही बोलावलं नव्हतं. पक्षी मंडळाचे चार लोक राजधानी रबातहून आले होते. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या, डब्यात पाव आणि ऑलिव्ह. त्यांचे प्रमुख, निवृत्त प्राध्यापक तहामी, ज्यांना सगळे मानाने सी तहामी म्हणत, तिला बाईसाहेबांचा मान देत नम्रपणे म्हणाले, "लल्ला, ही सहल पक्षी बघणाऱ्यांची आहे."

"तीस वर्षं मी दुसरं काय बघतेय?" हनिया म्हणाली. "ढकलून द्या पाण्यात, नाहीतर निघा."

होडीवाला बूसलहाम तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मावशीला ढकलण्याची त्याची काय छाती! त्याने मान खाली घालून वल्हं मारलं.

अभयारण्याच्या कचेरीचं म्हणणं असं, की गाळातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बायकांमुळे खाजणातले पक्षी उडून जातात. सी तहामींनी आज बघून तसा अहवाल दिला, तर बायकांना गाळात उतरायची बंदी होणार होती. गावातल्या चाळीस घरांच्या चुली त्या तिसऱ्यांवर पेटतात, हे विचारायला कुत्रंही फिरकलं नव्हतं. हनियाही त्या बायकांतलीच, आणि तिच्या डोक्यात तीच तिडीक होती.

ओहोटी लागली होती. पहिल्या वळणावर होडी पोचली आणि तांबड्या पायांच्या टिलव्यांचा थवा कलकलाट करत उडाला. दुसऱ्या वळणावर वाकड्या चोचीचे कोरल गेले. पुढे नुसता गाळ आणि त्यावर पायांचे ठसे. मंडळातली तरुण मुलगी वहीत शून्य लिहून लिहून कंटाळली.

सी तहामी हळहळले. "बायकांनी किती बिथरवून ठेवलंय बिचाऱ्यांना!"

झालं. चोराच्या उलट्या बोंबा! हनियाचा राग मस्तकात गेला. "आज एक तरी बाई दिसतेय का गाळात? तुम्ही येणार म्हणून कचेरीने सगळ्यांना घरी बसवलंय. मग ही पाखरं कुणाला बघून पळाली? माझ्या मेलेल्या सासूला?"

बूसलहामला हसू आवरेना, त्याने खोकल्याचं सोंग केलं.

"थांबव रे होडी," म्हणून तिने झगा कमरेला खोचला, बरोबर आणलेला विळा आणि टोपली घेतली आणि गुडघाभर गाळात उतरली. चाळीस पावलं गेली, वाकली आणि खरवडायला लागली.

एकही पाखरू आलं नाही. सी तहामींनी दोनदा घड्याळ पाहिलं. आज नेमकी पाखरं रुसली तर चाळीसजणींचं वाटोळं तिच्याच हाताने होणार होतं. तरी तिने मान वर केली नाही.

मग एक टिलवा उतरला आणि तिने उकरलेल्या गाळातला किडा त्याने उचलला. त्याच्यामागून आणखी पाच आले. शेवटी तर एक कोरल रुबाबात चालत तिच्या टोपलीपाशी आला.

"तुमची पाठ आड येतेय, इथून नीट दिसत नाही," होडीतून सी तहामींनी दबक्या आवाजात हाक दिली.

"मग उतरा की!"

त्यांनी बूट काढले आणि ते उतरले. दहा पावलं गेले नाहीत तोच सगळी पाखरं भुर्रकन लांब जाऊन बसली.

"अहो, खांबासारखे उभे काय राहता? वाका! हात घाला गाळात!"

सत्तरीचा माणूस, कंबर धरून वाकला. मनगटं गाळात रुतवून तसाच राहिला. थोड्या वेळाने पाखरं परतली. सी तहामींनी चिखलाच्या हातांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, तर सगळं धूसर. पक्षी दुर्बिणीला मावणार नाही इतका जवळ होता. त्यांनी ती खाली सोडली आणि नुसते बघत राहिले.

"मी पाहिलं तेच लिहीन," ते म्हणाले.

"पाखरं होडीला भिऊन उडाली, तेही लिहा."

"होडीचंही लिहीन. पण लल्ला हनिया, कचेरी माझं ऐकेलच असं नाही. तरीही सोमवारी बंदीची पाटी रोवतील."

"रोवू देत," हनिया विळा चालवतच म्हणाली. "आम्ही चाळीसजणी इथेच वाकलेल्या असू. बखोटीला धरून उठवायचं तर त्यांनाही वाकावंच लागेल."