अर्धी गोळी

रिपोर्ट चांगला आला की मास्तरांचा चेहरा पडायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या हे लक्षात आलं होतं, कारण मात्र कळत नव्हतं. या खेपेलाही त्यांनी कागद पुढे सरकवला आणि सांगितलं, की तुमच्या रक्तात विषाणू सापडलेला नाही, तोही औषधाशिवाय. एचआयव्ही झालेल्या कितीतरी माणसांत असा एखादाच निघतो. मास्तर कागदाकडे बघत राहिले, जणू कुणीतरी दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं माप त्यांना वाचून दाखवत होतं.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान नवराबायकोचं. ती कापायची, ते शिवायचे. वाकडी पडलेली शिलाई उसवता येते, कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही. म्हणून जोखमीचं काम तिच्याकडे. गिऱ्हाइकं तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणायची. हातावरून की जिभेवरून, हे कुणी सांगत नसे. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, “बोथट म्हणत नाहीत ना, मग झालं.” कापण्यात कधी चूक झालीच, तर आतून जोड देऊन लपवायची नाही. गिऱ्हाईक आलं की स्वतः पुढे होऊन सांगायची, माझ्याकडून बाही आखूड झाली. मास्तरांना घाम फुटायचा, तिला नाही.

आजार दोघांनाही एकदमच निघाला. कुणाकडून कुणाकडे आला, हे विचारायला मास्तरांनी एकदा तोंड उघडलं, तेव्हा तिने त्यांना अर्ध्यावरच थांबवलं. “उसवून काय मिळणार आहे? पुढचं बघा.”

त्या काळी शरीराची ताकद घसरल्यावरच औषध सुरू करत. तिची घसरली होती, तिला गोळ्या मिळाल्या. मास्तरांच्या रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशी भरपूर होत्या, त्यांना सांगितलं, लागेल तेव्हा देऊ. तिला हे पटलं नाही. आजार दोघांना एकच, मग एकाला औषध आणि दुसऱ्याला नुसता धीर, हा कुठला न्याय? तिच्या मते औषध कमी पडत होतं आणि जो गप्प बसतो त्याला मागे ठेवत होते. “तुम्ही तोंड उघडत नाही, म्हणून तुमच्या वाट्याला काही येत नाही,” एवढं बोलून तिने तो विषय मिटवला. निदान मास्तरांना तसं वाटलं.

त्यानंतर रोज जेवण झालं की ती त्यांच्या हातावर अर्धी गोळी ठेवायची. ताकदीची आहे, म्हणायची, पूर्ण घेतली तर उष्ण पडते. त्या घरात अर्ध्याचं कुणाला नवल नव्हतं. चहा एका कपातून दोघांत, संत्रं दोघांत, वर्तमानपत्रसुद्धा मधून फाडून दोघांत. गोळी कापलेल्या बाजूने कडू लागायची. मास्तर वर पाणी प्यायचे आणि विसरून जायचे.

काही वर्षांनी तिचं औषध लागू पडेना. गोळ्या चुकवता का, असं तिला दर वेळी विचारलं जायचं आणि ती ठामपणे सांगायची, एक दिवस चुकवला नाही. ते खोटंही नव्हतं. पण अपुऱ्या औषधाने विषाणू मरत नाही, निर्ढावतो. दुसरं औषध सुरू होईपर्यंत तिची फुप्फुसं गेली होती. शेवटच्या दिवसांत, दवाखान्याच्या खाटेवर, तिने मास्तरांचा हात धरला.

“अहो, त्या ताकदीच्या गोळ्या नव्हत्या. माझ्याच होत्या. आता माझ्यामागे तुम्हाला कोण देणार?”

जाताना तिला घोर होता तो एवढाच.

तिची थोरली बहीण, अक्का, हे कळल्यावर खूप रडली आणि मग तिने त्यातूनच आधार शोधला. माझी बहीण गेली, पण तिचं जाणं वाया गेलं नाही, हे बघा भावोजी उभे आहेत. ती आता मास्तरांकडेच राहायची; त्यांनी ताटात काही टाकलं की ऐकवायची, “नीट जेवा. तिच्या घासातला घास खाऊन जगलाय तुम्ही.” मास्तरांना टोमणा लागत नसे. उलट बरं वाटायचं.

कारण त्यांनीही तेच धरून ठेवलं होतं. तिच्या मागे गोळ्या बंद झाल्या होत्या. आता रक्तात विषाणू वर आला, तर त्याला इतकी वर्षं तिच्याच अर्ध्या गोळ्यांनी दाबून ठेवलं होतं, हे सिद्ध होणार होतं. हल्ली औषध सगळ्यांनाच देतात, डॉक्टरीणबाई मागे लागल्या होत्या. मास्तर म्हणायचे, आधी रक्त बघू. बाईंना वाटायचं, माणूस घाबरतोय. मास्तर वाट बघत होते. आणि विषाणू काही येत नव्हता.

आज डॉक्टरीणबाईंकडे आणखी एक कागद होता, जनुकांच्या तपासणीचा. आपल्या पेशी, त्या सांगू लागल्या, आत जे काही आहे त्याचा एकेक तुकडा बाहेर धरून दाखवतात. पहारा देणाऱ्या पेशी तो बघतात आणि परका दिसला तर ती पेशीच मारून टाकतात. तुकडा कोणता धरायचा, हे आईबापाकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. बहुतेकांच्या पेशी विषाणूचा असा तुकडा धरतात, जो त्याला सहज बदलता येतो. तो बदलतो आणि निसटतो. तुमच्या पेशी नेमका असा तुकडा धरतात, जो बदलला तर तो स्वतःच लंगडा होतो.

मास्तरांना हे कळलं. कोटाची बटणं बदलता येतात, अस्तर बदलता येतं. मुंढाच, बाही जोडायचा कापच, बदलला तर कोट अंगावर बसत नाही.

“आणि तिच्यात हे नव्हतं,” ते म्हणाले.

नसावं, त्या म्हणाल्या. यात कुणाचा दोष नाही.

“मग त्या अर्ध्या गोळ्यांचं काय?”

आणि मास्तरांनी पहिल्यांदाच बायकोच्या गोळ्यांची गोष्ट सांगितली. एवढे दिवस हा चेहरा का पडत होता, ते डॉक्टरीणबाईंना आत्ता उमगलं. त्यांनी चष्मा काढला.

“हे जनुक म्हणजे हमी नाही, मास्तर. ते असूनही काहीजण आजारी पडतात. पण अर्ध्या गोळीने तुम्हाला वाचवलं, असं मी म्हणू शकत नाही. तुमच्यात विषाणू मुळात वाढलाच नव्हता.”

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की तो गेलेला नाही, दडून आहे. त्याला धरून ठेवताना शरीर आतून झिजतं. आता तरी औषध घ्या. मास्तरांनी त्यांनी पुढे केलेली गोळ्यांची डबी उचलून खिशात टाकली.

अक्का बाहेर बाकावर बसली होती. काय म्हणाल्या, तिने विचारलं. उपयोग झाला ना तिच्या गोळ्यांचा?

हो म्हणायला काही लागत नव्हतं. म्हातारी सुखाने झोपली असती. मास्तर तिच्या शेजारी बसले. आतून जोड देता आला असता.

“नाही झाला, अक्का. त्यांची गरजच नव्हती मला. माझं रक्तच तसं आहे.”

अक्काने पदर तोंडाला लावला. नंतर चिडली, त्यांच्यावर, डॉक्टरांवर, बहिणीवर. शेजारची माणसं बघू लागली. मग ती शांत झाली.

“लहानपणी मला ताप आला की स्वतःचं पांघरूण आणून माझ्यावर घालायची,” ती म्हणाली. “माझ्यावर आधीच दोन असायची. मी घामाने भिजून जायचे आणि सकाळी हिला सर्दी. हवं का, हे विचारायचं माहीतच नाही तिला. कधीच नाही.”

“नाही,” मास्तर म्हणाले. “मलासुद्धा विचारलं नाही.”

घरी आल्यावर अक्काने स्वयंपाक केला. मास्तर ताटातलं सगळं जेवले. अक्काने पाण्याचा पेला पुढे ठेवला. त्यांनी डबीतून एक गोळी काढली, तळहातावर ठेवली आणि कापायच्या टेबलाकडे नजर गेली. तिची कात्री तिथेच होती.

ते गोळी तोंडात टाकून पाणी प्यायले. अख्खी होती, कुठूनही कापलेली नव्हती. तिला चवच नव्हती.