भिजवलेली खडी

काँक्रीटच्या ठोकळ्यातून डोकावणारी ती हिरवी कपची — जुन्या शाळेच्या भिंतीची, बहुधा पाचवीच्या वर्गाची... या जगात काहीच वाया जात नाही, असं त्याने तीन परिषदांत गंभीरपणे सांगितलं होतं. तिन्ही ठिकाणी जेवण उरलं आणि फेकून दिलं गेलं.

“पहिला ठोकळा लावू, साहेब?” प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं.

“लावा. सावकाश.”

“मशीनला घाई नाही. तुम्हालाच आहे.”

बारा वर्षं तो राडारोडा दळत, चाळत, धूत होता — पाडलेल्या घरांच्या खडीतून नवे खांब उभे राहतात आणि टिकतात, हे दाखवायला. संधी दिली ती शेवटी बायकोने. ती मुख्याध्यापिका, जुनी शाळा पाडून तिच्याच राड्यातून नवी बांधायला तिनेच समितीला राजी केलं. “आमचे हे घरात खिळा नीट ठोकत नाहीत,” ती म्हणाली होती, “पण खडीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द.” खांब भरून आज अठ्ठावीस दिवस झाले; त्याच मालाचे हे तीन ठोकळे आज दाबून फोडायचे, खांबांची ताकद कळावी म्हणून. वर स्लॅब येऊन बसलाय. पुढच्या सत्रात त्याखाली मुलं बसतील.

मशीन घुमत होतं.

जुन्या खडीला तहान फार, अंगावरचं जुनं सिमेंट पाणी ओढतं, म्हणून ती आदल्या दिवशी भिजवायची — नियम त्याचाच. त्याला आठवत राहिलं: मुकादमाला फोनवर विचारलं, भिजवली का? “भिजवली की, साहेब.” आणि मी — जाऊन बघायला वीस मिनिटं लागली असती — मी रजिस्टरात लिहिलं, ‘स्वतः पाहिले’, आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी माल घट्ट निघाला, मुकादमाने वरून बादलीभर पाणी ओतलं — जास्तीच्या पाण्याने काँक्रीट कच्चं राहतं — आणि तेवढ्यात मला आभाळात बघण्यासारखं काहीतरी दिसलं... काही नव्हतं आभाळात.

फट्.

“अडतीस,” बाई म्हणाल्या. हवे होते तीस. त्याने श्वास सोडला, मग लाजून परत घेतला.

“छत्तीस.”

तिसरा लवकर तडकला. “सत्तावीस.”

तो मनातल्या मनात भागाकार करून मोकळा झाला होता — सरासरी तेहतीसच्या वर, म्हणजे पास. म्हणजे ती बादली, ते आभाळ, ती सही, सगळं आतल्या आत जिरून जाईल, कोणाला पत्ता लागायचा नाही —

“बाद,” बाई म्हणाल्या.

“सरासरी बसतेय की.”

“एकही सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून लांब गेला की तिन्ही बाद. नियम तुम्हीच शिकवलात आम्हाला.” त्यांनी झाडू उचलला. “खांबालाच भोक पाडून नमुना काढावा लागेल.”

पास नाही, नापास नाही. गंमत अशी की आकड्याची भीती एकदम गेली, आणि तिच्या जागी दुसरी, जास्त घरगुती भीती येऊन बसली.

बाईंनी भोक पाडायच्या परवानगीचा अर्ज पुढे केला. त्यात ‘कारण’ लिहायला दोन ओळी होत्या आणि खाली मुख्याध्यापिकेची सही लागत होती. तिला आज सुट्टी होती. ती घरीच होती.