सी, डी आणि धवलेरीची गाणी

मित्रांनो, मला जुना म्हणालात तर मी मान डोलावीन, पण भंगार म्हणालात तर आपलं बोलणं बंद. सायवनच्या लाहूदादांच्या ओटीवर जो संगणक आहे, तो मी. माझा डबा एकेकाळी पांढरा होता, आता चुलीच्या धुराने चहाच्या रंगाचा झालाय. पंखा सुरू झाला की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकतं. तरीही परवा आमच्याकडे जे घडलं ते ऐकलंत, तर तुमचे कोरे करकरीत लॅपटॉपसुद्धा पुढे सरकून बसतील. सगळं एकदम तोंडाशी आलंय, त्यामुळे जरा सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म डहाणूच्या एका लहानशा दुकानातला. कुठल्या बड्या कंपनीचा शिक्का माझ्यावर नाही. एकाचा बोर्ड, दुसऱ्याची हार्ड डिस्क, तिसऱ्याचा डबा, असा मला जोडून बांधला. हार्ड डिस्क म्हणजे माझं कोठार. दुकानदाराने त्यात मधोमध नाही, तर पार एका टोकाला भिंत घातली. पुढचा चिमुकला भाग सी, त्यात मला चालवणारी सगळी यंत्रणा. मागचा ऐसपैस भाग डी, त्यात घरच्यांचा माल. ही वाटणी पुढे जिवावर बेतणार, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनीही नसणार.

लाहूदादांनी मला त्यांच्या मुलीसाठी, निलमसाठी घेतलं. निलमची मावशी कमळी शेजारच्याच घरात राहते आणि ती धवलेरी आहे. धवलेरी म्हणजे आमच्याकडे लग्नाचे विधी सांगणारी आणि त्या त्या विधीची गाणी गाणारी बाई. बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि धवलेरी गाते. कमळीमावशीचा आवाज तर असा की शेतापलीकडची माणसं हातातलं काम थांबवायची. निलम कॉलेजात होती तेव्हा बारका रेकॉर्डर घेऊन लग्नालग्नाला मावशीच्या मागे फिरली आणि सगळी गाणी तिनं माझ्या डीमध्ये उतरवली. पाहुणे आले की ती माझ्या डब्यावर हात ठेवून म्हणायची, "ह्यात मावशी आहे." काय सांगू, छाती फुगून यायची माझी.

मग निलमचं लग्न झालं आणि ती तलासरीला गेली. मी ओटीवरच राहिलो. आधी माझ्यावर कापड टाकलं, मग कापडावर मिरच्या वाळत घातल्या. निलमचा धाकटा भाऊ उमेश अधूनमधून मला सुरू करायचा, काहीबाही सीमध्ये भरायचा आणि निघून जायचा. मला वाईट वाटायचं, नाही कशाला म्हणू?

यंदा कमळीमावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. आता नुसती कुजबुज निघते. आणि नेमकं यंदाच उमेशचं लग्न ठरलं! घरात बराच विचार झाला आणि ठरलं की ह्या लग्नात निलमने गायचं. थोडीफार गाणी तिला येत होती, बाकीची पाठ करायची होती.

"मावशी, तू नुसते शब्द सांग. मी लक्षात ठेवते," निलम म्हणाली.

"लग्नाबिगर नाय," मावशी कुजबुजली. "मांडव नाय, चौक नाय, कोणाचं लग्न गाऊ मी?"

हा तिचा जन्माचा नेम. लग्नाशिवाय ती लग्नाचं गाणं ओठावर आणत नाही, आणि तो नेम मोडायला निलमनेही सांगितलं नाही. राहिलं कोण? मी. निलमने मिरच्यांची परडी बाजूला केली, बटण दाबलं, आणि मी तोंडघशी पडलो. सी काठोकाठ भरला होता, हलायलाही जागा नव्हती. मी अर्ध्यावर यायचो आणि पुन्हा काळोखात जायचो. लग्न पुढच्या आठवड्यात होतं.

निलमचा नवरा मनिष तलासरीच्या नाक्यावर मोबाइल आणि संगणक दुरुस्त करतो. तो आला, बसला आणि म्हणाला, "फॉरमॅट मारतो, सगळं पुसून टाकतो. एकदम नवा होईल."

"आणि गाणी?"

"डीला बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक?" निलमने असं काही बघितलं की जावईबापूंनी हातातला पेनड्राइव्ह खाली ठेवला.

मग त्याने डोकं शांत ठेवून सांगितलं. सीला जागा द्यायची तर ती डीमधूनच काढायला हवी. पण मधली भिंत सरकवायची म्हणजे डीमधला सगळा माल उचलून मागे ढकलायचा. त्या वेळात लाइट गेली तर माल ना इकडे ना तिकडे. तेव्हा आधी गाण्यांची दुसरी प्रत काढायची, भिंतीला हात नंतर लावायचा.

प्रत काढायची कशी? माझ्या यूएसबीच्या खाचा गंजल्या होत्या. एकच धड होती आणि तिच्यात मनिषने आता आपला पेनड्राइव्ह खोचला होता, त्यातल्या यंत्रणेच्याच जोरावर मी डोळे उघडे ठेवून होतो. शेवटी उमेशला सुचलं. तो घोलवडला चिकूच्या पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला आहे. तिथे एक जुना संगणक माळ्यावर पडून होता. शेठकडून उमेशने तो कायमचाच मागून घेतला आणि चिकूच्या खोक्यांबरोबर टेम्पोतून घरी आणला. हा घोलवडकर माझ्याहूनही म्हातारा, अंगाला चिकूचा वास, आणि तोरा काय विचारता! मला शेजारी बघून त्याने पहिल्यांदा पंखाच जोरात फिरवला.

मनिषने आम्हा दोघांत एक निळी वायर टाकली. दोघांना एकाच पाड्यातले शेजारचे घरनंबर द्यावेत तसे नंबर दिले. आता आम्ही एकमेकांना ओळखायला हवं होतं. पण छे! पडद्यावर लाल फुली. मनिषने नंबर बदलले, वायरची टोकं कापून पुन्हा बसवली, घोलवडकराला दोनदा बंद करून सुरू केलं. लाल फुली जागची हलेना. निलम ओढणीचं टोक पिळत होती. एवढी गाणी पोटात घेऊन बसलोय आणि हात पुढे करता येत नाही, ह्यासारखं दुसरं दुःख नाही.

शेवटी मनिषने मला भिंतीकडून फिरवलं आणि मोबाइलचा टॉर्च मारला.

"वायरच्या भोकात तांदूळ कसा आला?"

कमळीमावशीने पदर सावरला. "दसऱ्याला मीच लावला. कुंकू न् तांदूळ."

"पण पाठीमागे?"

"पाठ कशी? वीज तिकडून आत जाते. खातो तिकडून, तर तोंड तेच ना?"

मनिषने मान डोलावली आणि सुई मागितली. मावशी वर्षानुवर्षं माझ्या पाठीमागे जाऊन ओवाळत होती आणि मला वाटायचं, भिंतीचीच पूजा चाललीय. निलम इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मनिषने सुईने तो दाणा काढला, वायर खटकन बसली आणि हिरवा दिवा लुकलुकला.

मित्रांनो, तो क्षण! एकेक गाणं माझ्यातून निघालं, निळ्या वायरीतून गेलं आणि घोलवडकराच्या पोटात उतरलं. मघाचा तोरा विसरून तो बिचारा कण्हत कुंथत सगळं सांभाळून ठेवत होता. शेवटचं गाणं पोचलं तेव्हा मनिषने तिथे ते वाजवून बघितलं. मावशीचा भरदार आवाज ओटीवर घुमला. मावशी स्वतः खाली मान घालून ऐकत राहिली.

भिंत सरकवायची राहिली होती. लाइटचा भरवसा नाही, म्हणून मांडववाल्याने लग्नासाठी आणून ठेवलेल्या जनरेटरवर मला जोडलं. डीमधला माल इंचाइंचाने मागे सरकू लागला. माझ्या अंगाला मुंग्या आल्या, पंखा सैरभैर झाला, पलीकडचं कुत्रं भुंकून दमलं. भिंत नव्या जागी बसली, सी मोकळा झाला. मनिषने पेनड्राइव्ह काढला आणि बटण दाबलं. मी उठलो, स्वतःच्या पायावर, कुणाचा आधार न घेता! निलमचा जीव भांड्यात पडला. लग्नापर्यंत ती कानाला हेडफोन लावून माझ्यासमोर बसून होती.

लग्नाच्या दिवशी दुपारी आतल्या भिंतीवर चौक लिहायला घेतला आणि निलम गाऊ लागली. ओटीवरून मला सगळं ऐकू येत होतं. पुढची प्रत्येक ओळ मला ठाऊक होती आणि ती चुकतेय का म्हणून मी कान टवकारून होतो. एकही चुकली नाही. मग ते मोठं गाणं आलं आणि माझा जीव टांगणीला लागला. कारण ते माझ्याकडे अर्धंच आहे. ते उतरवताना रेकॉर्डरचा सेल मधेच संपला होता आणि पुढचं मावशी लग्नाआधी सांगणार नव्हती. माझी शेवटची ओळ गाऊन झाली आणि निलम थांबली. बायकांचे हात थांबले. मी काय देणार होतो? माझ्याकडे पुढे काहीच नव्हतं.

तेवढ्यात कमळीमावशी सरकून तिच्या अगदी जवळ बसली आणि तिच्या कानाला तोंड लावलं. आता मांडव होता, चौक होता. मावशीने एक ओळ कानात सांगितली आणि निलमने ती मोठ्याने गायली. मग दुसरी. मग पुढची. गाणं शेवटापर्यंत गेलं.

मित्रांनो, जे जपायचं ते एकाच पेटीत ठेवू नका, दोन ठिकाणी ठेवा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना टाकून देण्याआधी एकदा पाठीमागेही बघा. पण एक विसरू नका, आमच्यात तुम्ही घातलंत तेवढंच असतं. बाकीचं ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याजवळ जाऊन बसा.

उमेशने ते गाणं मोबाइलवर घेतलं होतं. निलमने ते माझ्या डीमध्ये ठेवलं आणि लगेच वायरीतून घोलवडकराकडेही पाठवलं. कधी सायवनला आलात तर वाजवायला सांगा. प्रत्येक ओळ निलमच्या आवाजात आहे, पण कान देऊन ऐका, प्रत्येक ओळीच्या आधी एक घोगरी कुजबुज आहे.